म्होरक्या पकडला, तर धोका संपेल का?

(गणपतीपुळे येथील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे : दाऊद उद्या पकडला गेला, तर दहशतवादाचा धोका संपेल का? हा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात विचारला जातोय, हे बरं झालं. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव मुंबके याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे. ऑफिसात चहा पिताना कुणीतरी सहज म्हणतं, "तुमच्या रत्नागिरीचाच ना तो?" विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट असतं असं नाही, पण 'तुमच्या' हा शब्द टोचतो. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या तुम्हा अनेकांनीही तो ऐकला असेल. म्हणून चिडून किंवा मान खाली घालून चालणार नाही. प्रश्न नीट सोडवायला हवा.

माझं उत्तर आधीच सांगतो. दाऊदला पकडलंच पाहिजे. पण त्याने धोका संपणार नाही. पहिली गोष्ट न्यायाची आहे, दुसरी सुरक्षेची. आपण या दोन्हींची गल्लत करतो.

आधी न्याय. १२ मार्च १९९३ रोजी दुपारी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले. २५७ माणसं मेली, सातशेहून जास्त जखमी झाली. टाडा न्यायालयाने १२३ आरोपींवर खटला चालवून शंभर जणांना दोषी ठरवलं. याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी फाशी झाली. दाऊद आणि टायगर मेमन मात्र अजून फरार आहेत. २५७ घरांचं हे देणं आहे, आणि ते फिटलं पाहिजे असं आपण सर्वांत मोठ्याने म्हटलं पाहिजे.

इथे कुणीतरी विचारेल, "आणि त्याआधीच्या दंगलीचं काय?" प्रश्न रास्त आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात नावं होती, शिफारशी होत्या, पण कारवाई फारच थोडी झाली. हा अन्याय खरा आहे. तरीही शेअर बाजारात आणि एअर इंडियाच्या इमारतीत मेलेल्या माणसांनी ती दंगल केली नव्हती. एका अन्यायाची वसुली भलत्याच माणसाच्या रक्तातून होत नाही. दोन्हींचा न्याय मागायचा, एकाच आवाजात मागायचा.

आता सुरक्षेकडे येऊ. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी सिस्टिम बंद पडली की आम्ही विचारतो, 'ती कशाकशावर चालते?' हाच प्रश्न १९९३ च्या कटाला विचारून पाहा.

शस्त्रं आणि आरडीएक्स याच कोकण किनाऱ्यावर, इथून उत्तरेला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीला उतरलं. दाऊद तेव्हा दुबईत राहत होता. तो काही होडीतून पेट्या उतरवायला आला नव्हता. पेट्या उतरवणारी, ट्रकमध्ये भरणारी, लपवून ठेवणारी माणसं इथली होती. सोन्या-चांदीच्या तस्करीची वाट अनेक वर्षं रुळलेली होती, त्याच वाटेने मरण आलं. श्रीवर्धनच्या बाजूला पोलिसांनी गाड्या अडवल्या, पैसे ठरले आणि गाड्या सोडल्या. त्या पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही न्यायालयाने दोषी ठरवलं. त्यांना कुठल्याही विचारसरणीची गरज पडली नाही, नोटा पुरल्या. म्हणजे कटाचे भाग होते चार : सूड घ्यायला निघालेली पोरं, तयार वाट, विकाऊ पहारा आणि पैसा पुरवणारा म्होरक्या. म्होरक्या काढला तरी उरलेले तीन शिल्लक राहतात आणि चौथ्याची वाट बघतात.

शिवाय हेही बघा. २००३ मध्ये गेटवे आणि झवेरी बाजार, २००६ मध्ये लोकल गाड्या, २००८ मध्ये २६/११, २०११ मध्ये पुन्हा झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर. दाऊद १९९४ मध्येच हाती लागला असता, तरी २६/११ घडवणारी लष्कर-ए-तैयबा ही वेगळी संघटना होती.

बरं, जगात म्होरके पकडले गेले तेव्हा काय झालं? पेरूमध्ये 'शायनिंग पाथ'चा नेता आबिमाएल गुझमान सप्टेंबर १९९२ मध्ये लिमा शहरात पकडला गेला आणि पुढच्या काही वर्षांत ती संघटना खिळखिळी झाली. सगळं एका माणसाभोवती फिरत होतं, म्हणून हे झालं. म्हणजे पकडण्याने कधीच फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. अल-कायदाचा इराकमधला म्होरक्या झरकावी २००६ मध्ये मारला गेला, त्याच्या गटातून पुढे आयसिस उभी राहिली. आयसिसचा बगदादी ऑक्टोबर २०१९ मध्ये संपला. तरी मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात आयसिसच्या नावाने १४० हून जास्त माणसं मारली गेली. लष्करचा संस्थापक हाफिज सईद याला पाकिस्तानातल्या न्यायालयाने २०२० मध्ये शिक्षा सुनावली, तो तुरुंगात असल्याचं सांगितलं जातं. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची सहा माणसं होती, आणि हल्लेखोरांना विरोध करणारा एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. जबाबदारी आधी घेऊन मग नाकारणारी टीआरएफ ही लष्करचीच दुसरी पाटी असल्याचं भारताने आणि नंतर अमेरिकेनेही म्हटलं. नेता आत, दुकान चालू, फक्त पाटी बदलली.

मग पकडून उपयोग काय? उपयोग आहे, आणि जिवंत पकडण्याचा जास्त आहे. २६/११ च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. कसाब जिवंत हाती लागला म्हणून कट कुठे शिजला, प्रशिक्षण कुणी दिलं, हे जगासमोर मांडता आलं. कुर्दांचा नेता ओजलान १९९९ मध्ये पकडला गेला. लढाई थांबून पुन्हा पेटली. पण त्यानेच फेब्रुवारी २०२५ मध्ये तुरुंगातून शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं आणि मे महिन्यात संघटनेने विसर्जन जाहीर केलं. पकडलेला म्होरक्या पुरावा देतो, कधी बोलणीचं दारही उघडतो. पुढचं काम इतरांनाच करावं लागतं.

आणि चुकीचा माणूस पकडला तर? ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत १८० हून जास्त प्रवासी मेले. २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर तुरुंगातच वारला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही, असं त्या न्यायालयाने सांगितलं. मालेगावच्या २००६ च्या स्फोटातल्या मुस्लिम आरोपींनाही २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं गेलं. एकोणीस वर्षं ही काही हिशोबातली चूक नाही. त्या माणसांचं आयुष्य गेलं, मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळालं नाही, आणि पोलिसांकडे माहिती घेऊन जाणाऱ्याचा पाय अडखळू लागला. यातलं शेवटचं नुकसान सुरक्षेचंच आहे.

मग आपल्या हातात काय आहे? तीन गोष्टी सांगतो.

एक. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. शिकलेली पोरं होती, त्यांत अभियांत्रिकीचेही होते. माझ्यासारखेच. त्यांना कुणी दारात येऊन नेलं नाही, भरतीचा मजकूर फोनच्या पडद्यावर आला. त्याची पद्धत ओळखायला शिका. आधी खरा अन्याय दाखवतात, मग 'तुझे आईवडील, मौलाना, मित्र सगळे भित्रे आहेत' म्हणतात, मग गुप्तता मागतात. जो तुम्हाला घरापासून तोडतो, तो तुमचा भाऊ नाही. धाकट्या भावंडांशी यावर बोला, धमकावू नका. तो पोरगा घरात बोलू शकला, तर अर्धं काम झालं.

दोन. वाट आणि पहारा. २६/११ चे मारेकरी समुद्रातूनच आले, आणि कुलाब्याच्या कोळी वस्तीत लोकांनी त्यांना हटकलं होतं. मिरकरवाड्यापासून जयगडपर्यंत आपले कितीतरी लोक मासेमारीवर जगतात. किनाऱ्याचे पहिले डोळे तेच आहेत. त्यांचं ऐकून घेणारं पोलीस ठाणं असावं, ही मागणी आपण लावून धरायला हवी. आणि 'चार पैसे मिळतात, पेटीत काय आहे ते विचारू नको' ही सवय गावात कुणाचीही असली, तरी तिला नाही म्हणायला हवं.

तीन. स्पष्ट बोला. २६/११ नंतर मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टने मारेकऱ्यांना दफनासाठी जागा नाकारली. कुणी निष्ठेचा पुरावा मागितला म्हणून नव्हे. हे आमचे नव्हेत, हे त्यांनी स्वतः ठरवलं. तसंच निर्दोष माणूस अडकला तरी स्पष्ट बोला, वकील मिळवून द्या. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता आल्या, तरच लोक विश्वास ठेवतील.

जानेवारी २०२४ मध्ये मुंबक्यातल्या दाऊदच्या कुटुंबाच्या जमिनीचा लिलाव झाला. १५,४४० रुपये राखीव किंमत असलेला तुकडा दोन कोटींहून जास्त बोलीला गेला. एका नावाला एवढी किंमत! त्याच जिल्ह्यात चिपळूणजवळ मिरजोळीला हमीद दलवाई जन्मले. त्यांचं सगळं पटलं पाहिजे असं नाही, पण त्यांनी आपल्या समाजाला उघडपणे प्रश्न विचारले आणि उत्तरंही मागितली. दाऊद सापडेल तेव्हा सापडेल, ते सरकारचं काम आहे. आपल्या गावातला एखादा पोरगा हरवू नये, हे आपलं. जेवणानंतरच्या गटचर्चेत प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यात या तीनपैकी कोणतं काम करणार, ते लिहून आणावं.