फ्लॅट बघताना कुणी विचारत नाही असा प्रश्न

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

कुणी हेडफोन लावून गच्चीवर फेऱ्या मारत असेल, कुणी एसटीत खिडकीशी बसलं असेल. जिथे असाल तिथून ऐका. आजचा विषय घराचा आहे, पण आपण बोलणार आहोत गेटच्या बाहेरच्या घराबद्दल.

सोलापुरात फ्लॅट बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती दिवसांआड येतं? बोअर आहे का? पार्किंग मिळणार का? लिफ्टला बॅकअप आहे का? पाण्याचा प्रश्न पहिला असणारच. ज्या शहरानं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी बघितलंय, ते दुसरं काय विचारणार? पण एक प्रश्न राहून जातो: "इथनं चालत निघालं तर काय काय मिळतं?"

हा प्रश्न का महत्त्वाचा? कारण आपल्या वयाच्या पोरापोरींचं एक वाक्य मी सतत ऐकतो. "सोलापुरात आहे काय बे? पुण्याला जाऊ." नोकरीसाठी जाणं वेगळं, त्यावर वाद नाही. पण शनिवारी संध्याकाळी करायला काही नाही म्हणून शहर कंटाळवाणं वाटत असेल, तर माझं म्हणणं असंय की शहर कंटाळवाणं नाहीये. आपली नवी घरं त्याच्यापासून लांब बांधली गेलीयेत.

तीन अंतरं

मी घराभोवतीच्या गोष्टींचे तीन भाग करतो. रोजचं, आठवड्याचं आणि वर्षाचं.

रोजचं म्हणजे दूध, भाजी, नाष्टा, चहा. हे चालत दहा मिनिटांत हवं. आठवड्याचं म्हणजे मोठा बाजार, कपडे, बाहेरचं जेवण. याला गाडी काढली तरी चालेल. वर्षाचं म्हणजे जत्रा, मिरवणूक, उरूस. इथे अंतरापेक्षा आपलं त्यात काही आहे का, हे महत्त्वाचं.

आता जुन्या पेठा घ्या. मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ, बाळीवेस. तिथे राहणाऱ्याला तिन्ही गोष्टी पायाखाली. मधल्या मारुतीपाशी उतरलात की भांडी, किराणा, पूजेचं सामान. चाटी गल्लीत कापड. भाजीला लक्ष्मी मंडई. रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो. बांगड्या, अत्तर, शेवया, खाण्याचे स्टॉल, आणि रात्री उशिरापर्यंत गर्दी. ईद कुणाची का असेना, खरेदीला सगळं सोलापूर येतं.

पूर्व भागाची गोष्ट आणखी वेगळी. अशोक चौकाच्या बाजूला निघालात की कानावर तेलुगू पडते आणि गल्लीगल्लीतनं पॉवरलूमची खटखट ऐकू येते. तेलंगणातनं आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग उभा केला. बऱ्याच ठिकाणी खाली माग, वर घर. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, ती जॅकार्डवर अशाच वस्तीत विणली गेली. टॉवेललाही तसंच मानांकन आहे. इथे काम, घर आणि दुकान यांच्यात अंतरच नव्हतं.

खाण्याचं काय?

पाहुणे आले की आपण पिझ्झा मागवतो, आणि पाहुणे परत जाताना कडक भाकरीची पाकिटं मागून नेतात. तुमच्याकडेही असंच होतं ना?

कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ थापून, भाजून, पार कोरडी केलेली भाकरी. बरेच दिवस टिकते. आमटीत नाहीतर मटणाच्या रश्श्यात चुरायची. सोबत शेंगा चटणी: भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये भुगा होतो, चटणी होत नाही, असं कुटणाऱ्या बायका सांगतात. सणाला शेंगा पोळी, गव्हाची हुग्गी. करमाळा-बार्शीकडची बाजार आमटी, सगळ्या डाळी एकत्र शिजवलेली, नाकातनं पाणी काढणारी. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर विषयच संपला. तिलाही मानांकन आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टी घराघरांत, बचत गटांत बायका करतात. त्यातल्या किती जणी तुमच्या फूड ॲपवर दिसतात? ॲपवर यायला लायसन्स लागतं, पॅकिंग लागतं, कमिशन द्यावं लागतं. रोज पन्नास भाकऱ्या करणाऱ्या मावशींना ते परवडत नाही. तुमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पलीकडे त्या राहत असतील, पण फोनमध्ये नाहीत म्हणून तुमच्यासाठी नाहीतच.

वर्षाचं गणित

वर्षाच्या बाबतीत सोलापूर श्रीमंत आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, नंतर होम, मग शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे आणि खाण्याचे स्टॉल महिनाभर चालतात. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. एकाच मिरवणुकीत मराठी, कन्नड, तेलुगू ऐकू येते.

नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव. गणपतीत लेझीमची पथकं. आजोबा गणपतीची परंपरा तर १८८५ पासूनची सांगतात, म्हणजे लोकमान्यांच्या १८९३ च्या आधीची. आणि कोजागिरीला तुळजापूरची वारी. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर चालत, वाटेत ठिकठिकाणी चहा, दूध, फराळ वाटणारी माणसं. ज्यांना "करायला काही नाही" असं वाटतं त्यांनी एकदा ही रात्र चालून बघावी. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही, ते सोडा.

जुळे सोलापूर

शहराच्या दक्षिणेला, विजापूर रोड आणि होटगी रोडच्या बाजूला, अपार्टमेंटचं सोलापूर वाढलं. नावच जुळं. घरं मोठी, रस्ते रुंद, हवा मोकळी. पण जुळं भाऊ घर घेऊन आलं, बाजार मागेच राहिला. हळूहळू दुकानं आली, हॉटेलं आली, सुपरमार्केट आलं. रोजचं जमलं. आठवड्याचं अर्धं जमलं. वर्षाचं मात्र अजून "गावात" जाऊनच होतं. इथली मंडळी अजूनही "गावात जाऊन येतो" म्हणतात, लक्षात आलंय का? आपण शहरात राहतो असं त्यांना अजून वाटतच नाही.

तरी जुळे सोलापूरवाल्यांकडे गाडी आहे. अंतर त्यांना त्रास देतं, खर्चात पाडत नाही. आता ज्यांना पाडतं त्यांच्याकडे येऊ.

रे नगर: नवं शहर, जुना प्रश्न

१९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान सोलापुरात आले होते. भाषणात भावुक झाले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या दिवशी कुंभारीजवळच्या रे नगरमधल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. पूर्ण प्रकल्प ३० हजार घरांचा. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, शिलाई कामगार, बांधकाम मजूर यांच्यासाठी. माजी आमदार नरसय्या आडम, आपले आडम मास्तर, यांनी यासाठी बरीच वर्षं झगडा दिला.

आता हिशोब करा. ३० हजार घरं, घरटी चार माणसं धरली तर सव्वा लाखाच्या जवळपास लोक. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बार्शी शहराची लोकसंख्या एक लाख अठरा हजार होती. म्हणजे आपण कुंभारीच्या माळावर एक बार्शी उभी करतोय. पण बार्शीला बाजारपेठ आहे, भगवंताचं देऊळ आहे, स्टँडसमोरचा चहा आहे. ते सगळं व्हायला शेकडो वर्षं लागली.

विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. मांडीवर सूप घेऊन आठ-दहा तास बसलं तर हजार होतात. आता तिचं नवं घर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. स्वस्त भाजीसाठी, मुलीच्या ड्रेससाठी, चांगल्या डॉक्टरसाठी शहरात जायचं तर जाण्या-येण्यात दोन तास गेले. दोन तास म्हणजे दोनशे विड्या. वर शेअर रिक्षाचं भाडं. महापालिकेची बस तर गेल्या काही वर्षांत आटतच गेली. बाजार लांब असण्याची किंमत ती रोज मजुरीतनं भरते.

कुंभारीतच याआधीचा एक अनुभव आहे. २००६ मध्ये कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं विडी कामगार बायकांना मिळाली, तेव्हाच्या पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते. ती बैठी घरं होती. बैठ्या घराला एक सोय असते: पुढच्या खोलीत किराणा मांडता येतो, दारात भज्यांची कढई ठेवता येते, ओट्यावर शिलाई मशीन चालवता येते. अशा वस्तीत बाजार आपोआप उगवतो. रे नगर मात्र मजल्यांचं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं कढई कुठे मांडायची? म्हणून अपार्टमेंटमध्ये बाजाराची जागा आधीच ठरवून ठेवावी लागते.

मग करायचं काय?

तीन गोष्टी सांगतो, तिन्ही होण्यासारख्या आहेत.

पहिली. महापालिका हद्दीत राहत असाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा माहीत करून घ्या. त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असते, अध्यक्ष आयुक्त. किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश महिला. रहिवासी संघटनांनाही या समितीत जागा आहे. आपल्या सोसायट्या बहुतेक वेळा एकच अर्ज देतात, "गेटसमोरचे गाडे हटवा". त्याऐवजी "आमच्या भागात गाड्यांसाठी जागा ठरवून द्या, दिवे द्या, कचरापेटी द्या" असाही अर्ज देता येतो. रस्ता मोकळा राहतो आणि कोथिंबीरही मिळते.

दुसरी. ग्रामीण हद्दीत, जसं कुंभारी, आठवडे बाजार भरवणं हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. मोकळं मैदान, ठरलेला वार, पाण्याची टाकी, बायकांसाठी स्वच्छतागृह. एवढ्यावर बाजार उभा राहतो. सोलापूरच्या बऱ्याच पेठा वारांच्या नावावर आहेत. आपल्याला बाजार शिकवायची गरज नाही.

तिसरी, आपल्या हातातली. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना? "लिफ्ट बंद आहे" आणि "गुड मॉर्निंग" सोडून त्यावर एक यादी करा. आसपास भाकरी कोण करतं, धपाटे कोण करतं, चटणी कोण कुटतं, ब्लाऊज कोण शिवतं. विचारून, त्यांच्या परवानगीनं नंबर टाका. कोजागिरीला दहा जण मिळून तुळजापूरला निघा. गड्ड्याला आपल्या बिल्डिंगमधल्या त्या कुटुंबालाही घेऊन जा, जे परगावाहून आलंय आणि अक्षता सोहळा कधीच बघितला नाही.

आणि पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल, भाड्याचा असो की कर्जाचा, तेव्हा ब्रोकरची गाडी गेटबाहेरच थांबवा. दहा मिनिटं एका दिशेला चाला, दहा मिनिटं दुसऱ्या. भाजी दिसली का? चहा मिळाला का? संध्याकाळी सातला म्हातारी माणसं बाहेर बसलेली दिसली का? हे बघून मग वर जा आणि किचनची टाइल बघा.

तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांत काय मिळतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. काहीच मिळत नसेल तर तेही सांगा. रे नगरमधलं कुणी ऐकत असेल तर तुमची व्हॉइस नोट पहिली लावणार. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर एक कडक भाकरी चुरा, आणि ती कुणी केलीय तेवढं विचारून ठेवा.