नजरेची मालकी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका छायाचित्रकार तरुणीविषयी व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. जमीन, वेतन, महागाई, बेकारी हे प्रश्न उभे असताना ही चैन कशासाठी, अशी शंका रास्तच आहे. तिचे उत्तर असे की, भांडवली बाजारपेठ माणसाचे केवळ श्रम विकत घेऊन थांबत नाही. ती त्याचे दिसणेही विकत घेते. या व्यवहारात तरुण मुलगी एकाच वेळी कच्चा माल असते, जाहिरात असते आणि गिऱ्हाईकही असते. म्हणूनच एखादी मुलगी कॅमेऱ्यासमोरून उठून कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहते, तेव्हा नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही ठरतो.

पेट्रा कॉलिन्स हिचा जन्म १९९२ साली कॅनडातील टोरांटो येथे झाला. शाळकरी वयातच तिने छायाचित्रे काढण्यास प्रारंभ केला. डिजिटल कॅमेरे सर्वत्र झालेले असताना तिने ३५ मिलिमीटर फिल्म निवडली, आणि विषय म्हणून निवडली स्वतःची धाकटी बहीण व मैत्रिणी. पलंगावर लोळणाऱ्या, आरशापुढे रेंगाळणाऱ्या, रडून डोळे सुजलेल्या, कंटाळलेल्या मुली. फिल्मचा खरखरीत पोत आणि गुलाबी-निळा प्रकाश. २०१० मध्ये तिने ‘दि आर्डरस’ नावाचे स्त्री कलावंतांचे सामूहिक दालन इंटरनेटवर उघडले. ‘द टीनेज गेझ’ ही तिची चित्रमालिका याच काळातली. ‘कमिंग ऑफ एज’ हा संग्रह २०१७ मध्ये निघाला.

या कामामागे एक वैचारिक परंपरा आहे. १९७२ साली बीबीसीवरील ‘वेज ऑफ सीइंग’ या मालिकेत जॉन बर्जर यांनी युरोपीय चित्रकलेचा दाखला देऊन दाखवले की, स्त्रीला पुरुष पाहतो, आणि आपण पाहिले जात आहोत याचे भान ठेवून स्त्री स्वतःकडेही त्याच डोळ्यांनी पाहू लागते. १९७५ साली लॉरा मल्व्ही यांनी ‘स्क्रीन’ या नियतकालिकातील निबंधात हाच विचार चित्रपटाला लावला आणि ‘पुरुषी नजर’ ही संकल्पना रूढ झाली. देखरेख करणारा मुकादम कामगाराच्या मनातच जाऊन बसावा, तसा हा प्रकार आहे. बाहेरचा पहारेकरी निघून गेला तरी पहारा चालूच राहतो.

कॉलिन्सची छायाचित्रे या पहाऱ्याला धक्का देतात. पाहणारी आणि पाहिली जाणारी एकाच वयाच्या, एकाच खोलीतल्या; उद्या या जागा बदलूही शकतील. फिल्मच्या निवडीलाही येथे अर्थ आहे. भ्रमणध्वनीवर काढलेले चित्र मुलगी तत्काळ तपासते, नापसंत करते, पुसून टाकते. छत्तीस चित्रांच्या रिळात ही सोय नाही. रीळ धुऊन येईपर्यंत आपण कशा दिसलो हे दोघींनाही कळत नाही. तेवढ्यापुरती स्वतःवरची ती देखरेख थांबते.

परंतु येथेच थांबून विजय साजरा करणे घाईचे ठरेल. २०१३ साली तिने इन्स्टाग्रामवर स्वतःचे कंबरेपासून मांड्यांपर्यंतचे, पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्र प्रसिद्ध केले. नग्नता नव्हती, फक्त शरीरावरचे न काढलेले केस दिसत होते. कंपनीने तिचे खातेच बंद केले. आपण कोणताही नियम मोडला नसल्याचे तिने जाहीरपणे लिहिले. कॅमेरा तिचा, फिल्म तिची, शरीरही तिचेच. पण चित्र जेथे लावायचे ती भिंत दुसऱ्याची होती, आणि भिंतीच्या मालकाने ते उतरवले.

या भिंतीचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. फिल्म घरोघर पोहोचवणाऱ्या कोडॅक कंपनीत १९८८ साली सुमारे १ लाख ४५ हजार माणसे कामाला होती. तीही काही धर्मादाय संस्था नव्हती. ‘कोडॅक गर्ल’ या हसऱ्या तरुणीच्या चित्रावर तिने अनेक दशके माल खपवला. जानेवारी २०१२ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम सुमारे १०० कोटी डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. तेव्हा तेथे अवघे १३ कर्मचारी होते. हे मूल्य तेरा माणसांच्या श्रमातून आले नव्हते. कोट्यवधी लोक विनामोबदला जी चित्रे आणून टाकत होते, त्यांच्यावर ते उभे होते.

दुसरा अंतर्विरोध अधिक अवघड आहे. बाजार बंड दडपतो, तसेच ते विकतही घेतो. अमेरिकन अ‍ॅपरल या कपड्यांच्या कंपनीच्या काही जाहिराती तरुणींच्या लैंगिक चित्रणाबद्दल ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने बंद पाडल्या होत्या. त्याच कंपनीने २०१३ मध्ये कॉलिन्सच्या सहभागाने तयार झालेला, मासिक पाळीचे उघड चित्र असलेला सदरा विक्रीस आणला. पुढे गुच्चीसारख्या श्रीमंती पेढीसाठीही तिने काम केले. एवढ्यावरून तिला ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. गिरणीत काम करतो म्हणून कामगार गिरणीमालकाचा पक्षपाती होत नाही; कलावंतालाही पोट असते. इतकेच समजून घ्यावे की, नजर बदलली तरी नफ्याचा हिशेब आपोआप बदलत नाही. मुलीची हळवी, अपूर्ण, खरी प्रतिमादेखील चष्मे आणि अत्तरे खपवू शकते.

तिसरी मर्यादा वर्गाची. या चित्रांतील बंडाला एक खोली लागते. तिला दार, आरसा आणि कोणी हाक न मारणारी दुपार लागते. एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथील मुलीला स्वतःकडे निवांत पाहण्याचा अवकाशच नसतो. तिच्या बाबतीत नजरेचा प्रश्न घरांच्या, पाण्याच्या आणि शौचालयांच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

भारतातील चळवळीने यातून काय घ्यावे? १९८६ साली संसदेने स्त्रियांच्या अशिष्ट चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यामागील संताप खरा होता. पण त्या कायद्याच्या व्याख्येत स्त्रीचा अवमान आणि सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा या दोन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी बसवल्या आहेत. पहिली स्त्रीच्या प्रतिष्ठेची बाजू घेते. दुसरी तिचे शरीर हीच लाजेची बाब मानते. अमेरिकी कंपनीने केसांसाठी खाते बंद केले, ते या दुसऱ्या वृत्तीनेच. झाकण्याची सक्ती आणि विकण्याची सक्ती परस्परविरोधी दिसल्या, तरी मुलीला विचारायचे नाही याबाबत दोघींचे एकमत असते.

म्हणून केवळ बंदीची मागणी पुरेशी नाही. प्रतिमा प्रसृत करणाऱ्या कंपन्यांच्या नियमांवर लोकशाही नियंत्रण हवे, खाते बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय हवी, आणि ज्यांच्या चित्रांवर नफा होतो त्यांचा त्यावरील हक्क मान्य व्हायला हवा.

आणि पक्षाने स्वतःच्या भिंतीकडेही पाहावे. मोर्चाच्या छायाचित्रांत स्त्री असते ती डोक्यावर हंडा घेतलेली, नाहीतर मूठ उगारलेली. ती थकलेली, हसणारी, कंटाळलेली, सभेत डुलकी घेणारी क्वचितच दिसते. कारण चित्र कोणते घ्यायचे हे तिने ठरवलेले नसते. पुढच्या शिबिरात कॅमेरा मोलकरणींच्या संघटनेतील एखाद्या मुलीच्या हाती द्यावा, आणि तिने निवडलेली चित्रेच साप्ताहिकात छापावीत. त्यात पुढाऱ्यांचे चेहरे कदाचित दिसणार नाहीत. पण या कामाला त्याहून चांगला आरंभ सापडणे कठीण आहे.