मौन सोडावे, वेळीच सांगावे



संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आजवर या व्यासपीठावरून आम्ही विद्येचे माहात्म्य पुष्कळ सांगितले. आज मात्र आमच्या दोन चुका आपणांपुढे ठेवणार आहोत. दोन्ही मोबाइलसंबंधीच्या आहेत आणि दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मौन.

पहिली चूक २०२० सालची. टाळेबंदीच्या दिवसांत चोर व मुले पळविणारे फिरत आहेत, असे निरोप अच्छाडपर्यंत घरोघर येत होते. आम्हांसही आले. ते खोटे आहेत हे आम्ही ओळखले, पुसून टाकले आणि स्वस्थ बसलो. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांस ठार मारले. अशाच अफवेने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचे प्राण घेतले होते. हे ठाऊक असूनही निरोप पाठविणाऱ्यास 'हे खोटे आहे' एवढे तीन शब्द आम्ही लिहिले नाहीत.

दुसरी चूक गेल्या वर्षीची. पोलिसाच्या वेषातील एका इसमाने मोबाइलच्या पडद्यावरून आम्हांस 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगितले. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. परंतु मुलांस आयुष्यभर 'प्रश्न विचारा' असे शिकविणाऱ्या आम्हांस त्याला एकही प्रश्न विचारण्याचे धैर्य झाले नाही. चाळीस हजार रुपये गेले. 'गुरुजी फसले' असे लोक म्हणतील, या लज्जेने दोन दिवस आम्ही घरातही बोललो नाही. अखेर नातीने आमचा चेहरा पाहून खोदून विचारले आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक लावून दिला. तोवर रक्कम या खात्यातून त्या खात्यात निघून गेली होती. तत्काळ कळविल्यास बँकेकरवी पैसे वाटेतच अडविण्याचा संभव असतो. तो आम्ही दवडला.

आपले गाव सीमेवरचे. कोणाचे खाते तलासरीस, तर कोणाची नोकरी भिलाड वा वापीस. तक्रार कोठे द्यावी, या घोळात राहू नये. १९३० दोन्ही राज्यांत चालतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुलामुलींस कोणी छायाचित्रावरून धाक घालीत असेल, तर १०९८ आहे. वृद्धांच्या साह्यास १४५६७ आहे. आलेले निरोप व क्रमांक मात्र पुसू नयेत. तोच पुरावा होय.

पालकांस एकच विनंती. मूल सांगावयास आले, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. मोबाइल हिसकावून घ्याल, तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. आमच्या नातीने आम्हांस हसून वाटेला लावले असते, तर आम्हीही सांगितले नसते.

फसणे हा अपराध नव्हे. अपराध फसविणाऱ्याचा. आमच्या चुका आपल्या उपयोगी पडोत, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.