एका पंगतीचे महाविद्यालय



महाविद्यालय कितीही लहान असो, त्याच्या पटावर अवघा परिसर उमटलेला असतो. पोशीर आणि कर्जत तालुक्यातील अन्य गावांतून आगरी, मराठा, कुणबी, बौद्ध, मुस्लिम, ठाकूर, कातकरी अशा अनेक समाजांची मुले एका वर्गात येऊ शकतात. नेरळ-कर्जत परिसरात मुंबईहून स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुलेही त्यांत असतात. मात्र, एका पटावर नावे लिहिली गेल्याने मने जुळतातच असे नाही. त्यासाठी सहवास लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हे मर्म अचूक ओळखले होते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह उभे केले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. अस्पृश्यता घरोघरी पाळली जात असतानाचा हा काळ. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अखेरीस मंगळसूत्रही दिले. परंपरानिष्ठ जैन घराण्यातील त्या माउलीने कोणत्याही मुलाला जात विचारून वाढले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेही याच पायावर. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत श्रमाला प्रतिष्ठा होती. कुदळ हाती घेतल्यावर उच्च-नीच भाव आपोआप गळून पडतो, हा त्यामागचा अनुभव होता.

या अनुभवाची आज कर्जतच्या डोंगरपट्ट्यात नितांत आवश्यकता आहे. कातकरी समाज एकेकाळी खैरापासून कात काढून उपजीविका करीत असे. जंगलावरील अधिकार गेले आणि तो मजुरीला लागला. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळसा पाडायला बिऱ्हाडासह स्थलांतर करतात आणि मुलांचे शिक्षण मध्येच तुटते. बारावीपर्यंत पोहोचणारा मुलगा मुळातच विरळा. तो महाविद्यालयात आला, तरी दिवाळीनंतर राहणार कोठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा असतो. जूनमध्ये किती समाजांची मुले आली, हे महाविद्यालये अभिमानाने सांगतात. वार्षिक परीक्षेला त्यांतील किती बसली, हेही सांगितले गेले पाहिजे.

शासनाची वसतिगृहे आणि शिष्यवृत्ती यांचे मोल मोठे आहेच. तथापि, जातीचा दाखला, अर्ज, मुदत या फेऱ्यांत वाडीवरचा विद्यार्थी एकटा पडतो. तेथे शेजारच्या बाकावरील मित्र आणि गावातील सुशिक्षित कुटुंब यांनी पुढे झाले पाहिजे.

महाराष्ट्रात वार लावून जेवण्याची प्रथा होती. त्या आधारावर कित्येक निर्धन विद्यार्थी विद्वान झाले. मात्र, तो वार बहुधा स्वजातीच्याच घरी लागत असे. कर्मवीरांनी पंगतीची ती मर्यादा ओलांडली. कर्जत-नेरळमधील मध्यमवर्गीय घरांनी आठवड्यातील एक वार कातकरी वा ठाकूर विद्यार्थ्यासाठी राखून ठेवला आणि त्याला आपल्या मुलांसोबत पाटावर बसवले, तर दिवाळीनंतर वर्गातील त्याची जागा रिकामी राहणार नाही.