संकटकाळी घरच्यांची हाक



धरणीकंप होवो वा युद्ध, पहिल्या घटकेत सारेच एकदम फोन करू लागतात आणि दूरध्वनीचे जाळे तुंबते. माणूस सुखरूप असतो. त्याची खबर मात्र घरी पोचत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला. तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद व त्यांच्या सहकारी हौशी रेडिओचालकांनी लोकांचे निरोप मुख्य भूमीवरील आप्तांना पोचवले. बॅटरीवर चालणाऱ्या त्यांच्या संचांना मधल्या टॉवरची गरज नसते.

आपल्यापैकी कोणी अश्दोदला, कोणी दिमोनाला, तर कोणाची भावंडे ठाण्यात. हातातल्या संचाचा आवाज वस्तीत काही किलोमीटरच जातो. दूरच्या गावासाठी उंचावरचा रिपीटर लागतो. भारतासाठी लघुलहरींचा संच व मोठा एरियल. परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक कुटुंबात निदान एकाने तो घ्यावा.

परंतु यंत्र कपाटात ठेवल्याने काम होत नाही. कोणत्या फ्रीक्वेन्सीवर, किती वाजता हाक घालायची, उत्तर न आल्यास पुन्हा केव्हा, हे आजच कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावे. निरोप थोडका असावा: कोण, कोठे, कसे आहे. बॅटरी शुक्रवारी दुपारी भरावी आणि दर आठवड्यास शब्बाथ सुटल्यावर सराव करावा. प्रत्यक्ष जीव वाचवायचा असेल, तर शब्बाथही आड येत नाही, हे आपण जाणताच.

येत्या आठवड्यापासून ही वेळ घराघरांत ठरावी, एवढीच विनंती.