पाणी वर चढविणारा इंजिनिअर

मंडळी, परवा पारावर एकाने आम्हाला विचारले, "गुरुजी, पाट खाली आणि रान वर. पंप बसवावा तर विजेचे बिल कोण भरणार? पाणी यायचे कसे?" आम्ही मॅट्रिक झालेले मास्तर. इंजिनिअर नव्हे. पण हाच प्रश्न सोडविलेल्या एका माणसाची हकिकत आम्हाला ठाऊक आहे.

त्यांचे नाव सर गंगाराम. जन्म 1851 सालचा, पंजाबातला. वडील पोलिसात लहानशा नोकरीवर. गंगाराम रुडकीच्या कॉलेजात शिकले आणि 1873 साली इंजिनिअर झाले. पुढे लाहोरला सरकारी बांधकामाचे मोठे अधिकारी झाले. लाहोर तेव्हा आपल्या देशात होते; 1947 पासून ते पाकिस्तानात आहे.

इमारत पक्की कशी होईल ते इंजिनिअर बघतो. ती शोभेल कशी, आत उजेडवारा येईल कसा, हे ठरवितो तो वास्तुशिल्पी. गंगारामांनी दोन्ही कामे केली. लाहोरचे मोठे पोस्ट, म्युझियम, एचिसन कॉलेज यांना त्यांचा हात लागला. एकट्याचा नव्हे हं! कॉलेजाच्या नकाशात भाई रामसिंग या सुताराच्या घरातल्या कारागिराचाही वाटा होता. साहेबाचे नाव राहते, सुताराचे पुसले जाते. म्हणून मुद्दाम सांगितले.

1903 साली ते निवृत्त झाले. निवृत्त माणूस ओसरीवर बसतो; आम्हीही बसतो. गंगाराम बसले नाहीत. माँटगोमेरी जिल्ह्यात त्यांनी 50,000 एकर पडीक जमीन सरकारकडून खंडाने घेतली. जमीन उंच, कालवा खाली. मग त्यांनी काय केले? कालव्याचे पाणी वरून खाली पडते तिथे चक्रे बसविली. पाण्याने चक्र फिरते. चक्र फिरले की वीज होते. विजेवर पंप चालतो. म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर दुसरे पाणी वर चढते! माळावर पिके उभी राहिली. रेनाला खुर्द येथले त्यांचे वीजघर 1925 सालचे.

गंगापूर गावाला तर त्यांनी रूळ टाकून गाडी दिली. ओढायला इंजिन नाही, घोडा! रुळावर चाक हलके फिरते, म्हणून एक घोडा पुष्कळ माणसे ओढतो.

पैसा खूप मिळाला, तसा दिलाही. 1921 साली लाहोरला गरिबांसाठी दवाखाना काढला. विधवांसाठी आश्रम काढला. 1927 साली ते लंडनला वारले. फाळणीनंतर त्यांच्याच नावाचा दवाखाना दिल्लीत उभा राहिला. लाहोरचाही चालूच आहे.

आता आपला पाट. तो आपल्या शिवारात कुठे खाली पडतो, किती फूट पडतो, हे आम्ही कधी मोजले नाही. उद्या सकाळी काठी आणि दोरी घेऊन जाऊ. ज्याला यायचे असेल त्याने शाळेपाशी यावे.