वाकड्या तोंडाचे कॅम्बलसाहेब

रत्नागिरीचा जुना इतिहास शोधायला निघालेला माणूस एका जाडजूड ग्रंथापाशी येऊन थांबतोच. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा हा दहावा खंड, रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, १८८० साली छापलेला. बंदरं, खाड्या, किल्ले, भातशेती, जातीजमाती, सगळं त्यात आहे. या गॅझेटिअरचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्बल हे स्कॉटिश गृहस्थ. आपल्याकडे मात्र ते ‘कॅम्पबेल’ म्हणूनच ओळखले जातात.

इंग्रजी अक्षरं पाहून वाचलं की असं होणारच. पण स्कॉटलंडात त्यातला ‘प’ कुणी उच्चारत नाही.

हा ‘प’ मुळात नव्हताच. तेराव्या शतकातल्या नोंदींत हे नाव त्याच्याविनाच सापडतं. गेलिक भाषेतल्या दोन शब्दांचा हा जोड: एकाचा अर्थ वाकडं, दुसऱ्याचा तोंड. घराण्यातल्या कुणा पूर्वजाचं तोंड वाकडं असावं आणि गावानं ठेवलेलं नाव वंशाला चिकटलं असावं. पुढे लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्यात ‘सुंदर मैदान’ असा अर्थ पाहिला आणि त्या लॅटिन शब्दातला ‘प’ आडनावात शिरला. वाकड्या तोंडाचं सुंदर मैदान झालं!

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. वाकडे, बोबडे, टकले, घारे ही आडनावं आपल्या शेजारीपाजारीच आहेत. स्कॉटलंडातल्या कॅमेरॉन या आडनावाचा अर्थ तर वाकडं नाक! साहेबांच्या नावातला ‘मॅकनॅब’ही असाच बोलका आहे. ‘मॅक’ म्हणजे पुत्र; मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा.

आता तो खंड उघडून मुखपृष्ठानंतरचं पान पाहावं. त्याआधीचे इंग्रज आपल्या गावाचं नाव ‘रटनाघेरी’ वाचलं जाईल अशा अक्षरांत लिहीत. कॅम्बल यांच्या ग्रंथात ‘रत्ना’मधल्या ‘ना’चा काना दाखवायला इंग्रजी अक्षरावर बारीक तिरपी रेघ दिलेली आहे. सावंतवाडीतल्या ‘सा’ आणि ‘वा’वरही तशीच. आपल्या गावांचा उच्चार बिघडू नये म्हणून छापखान्यात एकेक खूण जुळवली गेली.

देवनागरीला तर अशा खुणांचीही गरज नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि शाळेत शिकवणाऱ्यांनी यापुढे ‘कॅम्बल’ असंच लिहावं, आणि म्हणावंही.